बातमीआड गेलेला खेळाडू

२०२४ सालच्या डिसेंबरातला पहिला रविवार. जेवणं आटोपली होती, घरभर सुस्ती होती आणि टीव्हीवर लखनौहून बॅडमिंटनचे अंतिम सामने चालले होते. पी. व्ही. सिंधू जिंकली, लक्ष्य सेन जिंकला. माझी नात सोसायटीच्या आवारात रॅकेट घेऊन तासन् तास उड्या मारणारी, त्यामुळे तिचं सगळं लक्ष पडद्यावर. बक्षीस समारंभ सुरू झाला तेव्हा मागच्या फलकावरचं स्पर्धेचं नाव तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि हे सय्यद मोदी कोण, असं मला विचारलं.

माझ्या तोंडून उत्तर गेलं ते असं की, तो एक खेळाडू होता आणि त्याचा खून झाला.

तिचे डोळे मोठे झाले. मग प्रश्नांची सरबत्ती. कोणी केला, का केला, पकडलं का त्यांना. तो खेळायचा कसा, हे मात्र तिनं विचारलं नाही. तिनं तरी का विचारावं? मीच तिला चुकीच्या दारानं आत नेलं होतं. ती पुन्हा रॅकेट घेऊन खाली पळाली आणि मी तसाच बसून राहिलो. एका माणसाचं अवघं आयुष्य मी दोन शब्दांत गुंडाळलं होतं, आणि त्या दोन शब्दांत त्यानं स्वतः केलेलं काहीच नव्हतं. दुसऱ्यांनी त्याला केलेलं तेवढं होतं.

हा माझ्यावरचा जुना बोजा आहे. तो आज थोडा उतरवावा म्हणतो.

सय्यद मोदी आणि मी एकाच पिढीचे. तो ३१ डिसेंबर १९६२ चा. वर्ष संपायला काही तास उरले असताना जन्माला आलेला. गाव सरदारनगर, जिल्हा गोरखपूर, उत्तर प्रदेश. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात १९२२ सालामुळे कायमचं नोंदलं गेलेलं चौरीचौरा तिथून हाकेच्या अंतरावर. आणि याच सरदारनगरला सराया इस्टेटीत अमृता शेरगिल काही काळ राहत होती, चित्रं काढत होती. ती इस्टेट तिच्या वडिलांकडच्या मजिठिया घराण्याची, आणि गावाचा सगळा संसार साखर कारखान्याभोवतीचा. सय्यदचे वडील त्या कारखान्यात नोकरीला होते. आठ भावंडं, त्यांतला हा सर्वांत धाकटा.

साखर कारखान्याची कॉलनी म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. माझी बँकेतली काही वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच एका कारखान्याशेजारच्या शाखेत गेली. भोंग्यावर चालणारं घड्याळ, गाळपाच्या हंगामात रात्रभर जागं असणारं आवार, हवेत मळीचा दर्प आणि हंगाम संपला की एकाएकी पसरणारी शांतता. अशा कॉलनीत दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे देऊळ किंवा मशीद आणि दुसरी बॅडमिंटनचं कोर्ट. साहेब लोकांनी हौसेनं आखून घेतलेलं, हिवाळ्यात दोन बल्ब लावून खेळायचं. साहेब घरी गेले की कामगारांची मुलं तिथं घुसतात, टाकून दिलेल्या फुलांनी खेळतात. पिसं झडलेलं फूल वाकडंतिकडं जातं, पण त्यामागे पळताना पाय तयार होतात. साखरेच्या गावातल्या मुलाच्या हातात रॅकेट आली याचं म्हणूनच मला कधी नवल वाटलं नाही. नवल याचं वाटतं की, ती हातात राहिली. पगारदार माणसाच्या घरात आठ मुलं असताना धाकट्याच्या खेळासाठी पैसा काढायचा म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी थोडं थोडं कमी घ्यायचं. हा खेळ दिसायला स्वस्त, पण खरा खेळ खऱ्या पिसांच्या फुलानं होतो. सोळा पिसांचं, पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचं ते फूल एका चांगल्या सामन्यात एक पुरत नाही. सराव म्हणजे रोज पैसे हवेत उडवणंच.

त्याच्या नावाची गोष्ट तर माझ्यासारख्या बँकवाल्याला जिव्हाळ्याची वाटावी अशी. त्याचं आडनाव मोदी नव्हतंच. नाव होतं सय्यद मेहदी. शाळेत घालताना मास्तरांनी मेहदीचं मोदी केलं, आणि झालं. आम्ही महाराष्ट्रातले क्रीडाप्रेमी पुष्कळ दिवस त्याला गुजराती किंवा पारशी समजत होतो आणि मग आधी सय्यद कसं, असा पेच आम्हाला पडत असे. मी तीसेक वर्षं लोकांची खाती उघडली. नमुना सहीच्या कार्डावर एकदा चूक शिरली की ती माणसाचा पिच्छा पुरवते. पासबुक, चेकबुक, कर्जाचे कागद सगळीकडे तीच. कित्येक जण अखेरीस कंटाळून चुकीचं नाव आपलं म्हणू लागतात. सय्यदनं तर त्याच्याही पुढची मजल मारली. मास्तरांच्या हातून घसरलेलं नाव त्यानं राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत सलग आठ वेळा लिहायला लावलं.

पण तिथवर पोचायला अजून अवकाश होता. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो ज्युनिअर राष्ट्रीय विजेता झाला. त्याच वर्षी तो पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पी. के. भंडारी यांच्या हाताखाली आला. १९८२ पर्यंत, म्हणजे घडण्याची जी वर्षं असतात ती सगळी, तो त्यांच्याकडे शिकला. गोरखपूर ते पतियाळा हे अंतर नकाशावर जेवढं दिसतं त्याहून मोठं आहे. तेरा वर्षांचा मुलगा, आठ भावंडांच्या भरल्या घरातून उठून वसतिगृहाच्या खाटेवर येतो. पहाटे उठायचं, पळायचं, दोरीवरच्या उड्या मारायच्या, मग एकच फटका शेकडो वेळा मारायचा. पुढे रेल्वेनं त्याला नोकरीत घेतलं आणि रेल्वेचे प्रशिक्षक दीपू घोष यांचं मार्गदर्शन त्याला लाभलं. दीपू घोष म्हणजे रमण घोष यांच्या जोडीनं डबल्स गाजवलेले आपल्या देशातले नामांकित खेळाडू.

आजच्या मुलांना हे कदाचित विचित्र वाटेल, पण त्या काळी बॅडमिंटन खेळणं ही कमाई नव्हती. कमाई होती ती नोकरी. रेल्वे, बँका, सरकारी कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि त्या मोबदल्यात ते संस्थेसाठी खेळत. आमच्या बँकेतही अशी मुलं होती. मस्टरवर सही करून दुपारी सरावाला जात, आणि आम्ही लेजरवर मान मोडत बसलेले कारकून त्यांच्याकडे असूयेनं पाहत असू. आज वाटतं, असूया चुकीची होती. तिशीच्या आत गुडघे गेले की ती मुलं आमच्याच शेजारी येऊन बसत आणि ज्येष्ठता यादीत आमच्या मागे असत. खेळाडूचं करिअर म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत दहा वर्षांची उधारीच असते. सय्यद मोदीसाठी त्या नोकरीचा अर्थ मात्र साधा होता. घराला पगार आणि पायाखाली कोर्ट.

१९८० साल हे भारतीय बॅडमिंटनचं सोनेरी साल. मार्चमध्ये प्रकाश पदुकोणनं ऑल इंग्लंड जिंकलं. ते जिंकणारा तो पहिला भारतीय. त्यापूर्वी १९७१ पासून १९७९ पर्यंत सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद प्रकाशकडे होतं. नऊ वर्षं म्हणजे कोर्टावर उतरलेली एक सबंध पिढी त्याच्या सावलीत वाढली आणि त्याच्या सावलीतच निवृत्त झाली. त्या १९८० मध्ये राष्ट्रीय विजेत्याच्या जागी नवं नाव लागलं, सय्यद मोदी. वय अठराच्या उंबरठ्यावर. पुढच्या वर्षी, १९८१ ला, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि मग १९८७ पर्यंत ती पाटी कोणाला पुसता आली नाही. आठ वर्षं, आठ विजेतेपदं. प्रकाशची नऊ आणि याची आठ मिळून सतरा वर्षं भारतात पुरुष एकेरीच्या मानपत्रावर दोनच नावं लिहिली गेली.

कोणी म्हणेल, प्रकाश तेव्हा डेन्मार्कला जाऊन राहिला होता, म्हणून याला रान मोकळं मिळालं. हा आक्षेप मी स्वतःही तरुणपणी कट्ट्यावर घेतलेला आहे. पण सलग आठ वर्षं देशातल्या प्रत्येक उमेदवाराला परतवणं हे रान मोकळं असण्याचं लक्षण नव्हे. पहिल्यांदा जिंकणं हे धाडसाचं काम. तिसऱ्यांदा, पाचव्यांदा, आठव्यांदा जिंकणं हे सवयीचं, शिस्तीचं आणि कंटाळ्यावर मात करण्याचं काम. समोरचा प्रत्येक जण तुमचा खेळ वर्षभर अभ्यासून आलेला असतो, आणि तुम्हाला मात्र कोणा एकाचा अभ्यास करून चालत नाही.

आता ब्रिस्बेनविषयी. १९८२ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. आधीच्या, १९७८ च्या एडमंटनच्या स्पर्धेत प्रकाशनं एकेरीचं सुवर्ण जिंकलं होतं. ते राखण्याची जबाबदारी आता एकोणीस वर्षांच्या मुलावर होती. अंतिम फेरीत समोर इंग्लंडचा निक येट्स. मोदीनं पहिला गेम ७-१५ असा गमावला. मग दुसरा घेतला १५-६. तिसरा १५-५.

हे आकडे नीट समजून घ्यायचे तर त्या वेळची गुणपद्धत ठाऊक हवी. २००६ पासून एकवीस गुणांचा गेम आणि प्रत्येक रॅलीला गुण, अशी पद्धत आली. तेव्हा तसं नव्हतं. ज्याच्या हातात सर्व्हिस, त्यालाच गुण. तुमच्या हातात सर्व्हिस नसताना तुम्ही जिवाच्या आकांतानं रॅली जिंकलात तर हाती काय येणार? फक्त सर्व्हिस. गुण नाही. फलकावरचा आकडा तसाच. त्यामुळे एकेक गेम लांबत जायचा, सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे जायची आणि दोन्ही खेळाडू घामानं निथळत एकाच आकड्यापाशी अडकून पडायचे. त्या पद्धतीत नुसती चलाखी पुरत नसे, दम लागे. आणि मनाचा एक वेगळाच धीर लागे. केलेल्या कष्टाचं फळ फलकावर दिसत नसतानाही तेच कष्ट पुन्हा करायचे, हा तो धीर.

हे लक्षात ठेवून ते आकडे पुन्हा पाहावेत. पहिला गेम निम्म्याहूनही कमी गुणांवर गेलेला. परका देश, अंतिम सामना, वय एकोणीस. अशा वेळी बहुतेक जण दुसऱ्या गेममध्ये घाई करतात आणि हरतात. यानं पुढचे दोन्ही गेम घेतले, आणि तिसऱ्यात तर समोरच्याला पाचावर थांबवलं. म्हणजे पहिला गेम चालू असताना हा नुसता हरत नव्हता, काहीतरी शिकत होता. दुसऱ्यात तो सावरला आणि तिसऱ्यात सामना त्याच्या मुठीत आला. राष्ट्रकुलचं पुरुष एकेरीचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालं ते थेट २०१४ साली, ग्लासगोला, पारुपल्ली कश्यपकडून. मध्ये बत्तीस वर्षं गेली. एका माणसानं एका संध्याकाळी काय केलं होतं, याचं माप कधीकधी असं फार उशिरा हाती येतं.

ब्रिस्बेन आम्ही पाहिलं नव्हतं. पण त्यानंतर दोनच महिन्यांत दिल्लीला एशियाड झालं. त्याच्या निमित्तानं देशात रंगीत दूरदर्शन आलं आणि साऱ्या गल्लीनं एका घरात दाटीवाटीनं बसून हत्तीचं पिल्लू अप्पू पाहिलं. मी तेव्हा बँकेत नवा होतो. आमच्या शाखेतल्या एका साहेबांच्या घरी टीव्ही होता. संध्याकाळी तिथं चपलांचा ढीग पडायचा. ज्यांनी आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती तेसुद्धा ड्रॉप आणि स्मॅश यांवर मतं देत. चीन आदल्या वर्षीच, १९८१ मध्ये, आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाच्या स्पर्धांत सामील झाला होता. चिनी खेळाडूंचा तो झपाटा पाहून आम्ही गप्पच झालो. इंडोनेशियाचे तर आधीपासूनच दादा. पुरुष एकेरीचं सुवर्ण चीनच्या हान जियाननं नेलं. त्या गर्दीत एकेरीचं ब्राँझ मिळवणारा भारतीय होता सय्यद मोदी. पुरुष दुहेरीचं ब्राँझ आपल्या प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसाच्या जोडीनं मिळवलं, आणि आमच्या घोळक्यात मराठी माणसाचं म्हणून त्याचंच कौतुक जास्त झालं. आज कबूल करतो, मोदीच्या ब्राँझची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. चीन आणि इंडोनेशिया या दोन भिंतींच्या मध्ये उभं राहून घेतलेलं ते पदक होतं.

मग त्याच्या पूर्ण भरातल्या खेळाची वर्षं आली. १९८३ आणि १९८४ ला ऑस्ट्रियाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, १९८५ ला सोविएत संघाची. आणि इकडे दर वर्षी राष्ट्रीय विजेतेपद. १९८४ मध्ये त्यानं लग्न केलं. वधू कुलकर्णी आडनावाच्या मराठी घरातली, स्वतः राष्ट्रीय दर्जाची बॅडमिंटनपटू. धर्म वेगळे, प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या. दोघांना जोडणारी गोष्ट होती ती चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद कोर्टाची.

१९८६ ला एडिंबराची राष्ट्रकुल स्पर्धा आली. ब्रिस्बेनचं सुवर्ण राखण्याची हीच संधी. पण दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध ब्रिटनच्या सरकारनं पुरेसं कडक धोरण घेतलं नाही, म्हणून अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्यांत भारतही होता. निर्णय योग्य होता, आणि आजही मला तो योग्यच वाटतो. पण प्रत्येक योग्य निर्णयाची किंमत कोणीतरी चुकवत असतं. मोदी तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बॅडमिंटनपटूच्या आयुष्यात तेवीस म्हणजे भर माध्यान्ह. पुढच्या राष्ट्रकुल स्पर्धा १९९० मध्ये होत्या. तिथं तो जाणार नव्हता, हे कोणाला ठाऊक?

लखनौ हे बॅडमिंटनला मानवणारं शहर. १९६५ साली इथंच दिनेश खन्नानं आशियाई अजिंक्यपद जिंकलं होतं. रेल्वेच्या नोकरीत मोदी गोरखपूरहून या शहरात येऊन राहिला होता. शहराच्या मध्यात के. डी. सिंग बाबू स्टेडियम आहे. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण आणणाऱ्या संघाच्या कर्णधाराचं नाव त्याला दिलेलं. मोदीचा सराव तिथं चाले. २८ जुलै १९८८ च्या संध्याकाळी नेहमीसारखा सराव संपवून तो बाहेर पडला. दारापाशीच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो पंचविशीत होता. घरी तान्हं मूल होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत पेपर आला तेव्हाचं मला आठवतं. कॅशिअरनं शटर वर करायच्या आधी आम्ही सगळे त्या एका पेपरवर ओणवे झालो होतो. पहिल्या दिवशी हळहळ होती. आठवडाभरात हळहळ आटली आणि चव आली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे. पुढे कित्येक महिने त्या घरातल्या खासगी गोष्टी देशभराच्या चहाच्या टपऱ्यांवर चघळल्या गेल्या. तपास सीबीआयकडे गेला. सात जणांवर आरोपपत्र दाखल झालं. काही आरोपींना न्यायालयानं पुढे आरोपांतून मुक्त केलं, काही खटला चालू असतानाच मरण पावले. खुनानंतर एकवीस वर्षांनी, २००९ साली, एकाला जन्मठेप झाली आणि २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं ती कायम केली. न्यायालयानं ज्यांना मोकळं केलं त्यांच्याविषयी आपण टपरीवर बसून पुन्हा निकाल द्यावा, याला माझी तयारी नाही. एके काळी होती.

कारण मी त्या विषयावर कादंबरी लिहायला घेतली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझी दोन पुस्तकं तेव्हा आली होती आणि तिसऱ्यासाठी खमंग विषय हवा होता. नावं बदलायची, शहर बदलायचं आणि बाकी सगळं ठेवायचं, असा बेत. मी कात्रणं जमवू लागलो. एक जाडजूड फाइल झाली. बँकेतल्या सवयीनं तिला अनुक्रमणिका लावली, पानांवर क्रमांक घातले. एक दिवस पहिलं प्रकरण लिहायला बसलो. ठरवलं होतं की, सुरुवात नायकाच्या खेळानं करायची, म्हणजे वाचकाचा जीव त्याच्यावर जडेल आणि मग खून जास्त चटका लावेल. खेळाविषयीचा मजकूर शोधायला फाइल उघडली. पानामागून पान उलटलं. संशयितांविषयी होतं, पोलिसांविषयी होतं, राजकारणाविषयी होतं, लग्नाविषयी तर होतंच होतं. त्याच्या खेळाविषयी एक पान नव्हतं. मी ते जमवलंच नव्हतं. आठ वेळचा राष्ट्रीय विजेता, आणि माझ्या फाइलीत त्यानं एकही फटका मारलेला नव्हता. तो फक्त पडत होता.

मी फाइल बांधून माळ्यावर टाकली. ती कादंबरी लिहिली नाही, हे माझं मोठेपण वगैरे काही नव्हे. ती लिहिताच आली नसती. ज्या माणसाच्या जगण्याची मला चौकशी करावीशी वाटली नव्हती, त्याच्या मरणाबद्दल लिहिण्याचा हक्क मला कुठून आला, एवढाच प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. पण फाइल बांधून प्रश्न मिटत नाही, हे नातीनं त्या रविवारी दाखवून दिलं. तीस-बत्तीस वर्षांनंतरही माझ्या जिभेवर पहिलं आलं ते त्या फाइलीतलंच.

एक योगायोग सांगतो. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर, १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू आणि १९६१ मध्ये बॅडमिंटनमधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळवणारेही तेच, हे पुण्यात निवर्तले ते २८ जुलैलाच. साल २०२१, वय अठ्ठ्याऐंशी. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या मनगटातल्या जादूबद्दल लिहिलं, त्यांच्या हसऱ्या स्वभावाबद्दल लिहिलं. जुन्या लोकांनी त्यांचे सामने आठवून आठवून सांगितले. तारीख तीच, पण एकाला लोकांनी आठवलं ते खेळासाठी आणि दुसऱ्याला आजवर आठवतात ते बातमीसाठी. अठ्ठ्याऐंशी वर्षं मिळाली की माणसाच्या आठवणी सांगणारे तयार होतात, तो स्वतःही सांगतो. मुलाखती होतात, सत्कार होतात, नातवंडांना गोष्टी सांगून होतात. पंचविशीत गेलेल्याच्या वतीनं बोलायला कोणीतरी दुसरंच लागतं. ते आपण करायला हवं होतं. आपण फाइल जमवत बसलो.

आणखीही एक हिशेब आहे. तो गेला त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, सोलच्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवलं गेलं. १९९२ ला बार्सिलोनात ते पदकांचं झालं. तेव्हा मोदी तिशीच्या अलीकडे असता. खेळला असता की नसता, सांगता येत नाही. पण निवृत्त झाला असता तर रेल्वेच्या एखाद्या हॉलमध्ये शिट्टी गळ्यात अडकवून मुलांना पळवत असता, आणि त्या मुलांनी त्याच्याबद्दल आज सांगितलं असतं. २०२२ मध्ये भारतानं इंडोनेशियाला हरवून थॉमस कप जिंकला, त्या दिवशी एखाद्या वाहिनीनं साठीच्या एका गृहस्थाला बोलावून त्याचं मत विचारलं असतं. आपली पिढी आता त्या वयाला पोचली. तो तेवढा पंचविशीतच थांबला.

त्याचं नाव मात्र थांबलेलं नाही, हे खरं. लखनौला १९९१ पासून त्याच्या स्मरणार्थ अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली. २००४ पासून ती आंतरराष्ट्रीय झाली, २००९ पासून ग्रां प्रीच्या दर्जाची. त्या २००९ ला सायना नेहवालनं ती जिंकली, पुढे २०१४ आणि २०१५ लाही. सिंधूनं २०१७, २०२२ आणि २०२४ ला जिंकली. गोरखपूरला त्याच्या नावाचं रेल्वे स्टेडियम आहे. दूरदूरच्या देशांतले खेळाडू आपल्या पासबुकासारख्या त्या जागतिक वेळापत्रकात सय्यद मोदी हे नाव वाचतात. साखर कारखान्याच्या गावात एका मास्तरांच्या हातून चुकलेलं अक्षर असं जगभर छापलं जातं. चूक दुरुस्त करायला आता कोणी अर्ज करणार नाही, आणि करूही नये. ते नाव त्यानं स्वतः कमावलेलं आहे.

परवा मी माळ्यावरून ती फाइल काढली आणि रद्दीत टाकली. नातीला खाली कोर्टावर गाठलं. खेळून दमली होती, पायरीवर बसली होती. तिला म्हटलं की, मागे मी तुला एक गोष्ट अर्धवट आणि उलटी सांगितली होती, ती आता नीट सांगतो. तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी तीन आकडे लिहिले. ७-१५, १५-६, १५-५. मग जुनी गुणपद्धत समजावून सांगितली. सर्व्हिस नसताना जिंकलं तरी गुण मिळत नाही, हे तिला आधी घोर अन्याय वाटलं. थोड्या वेळानं ती त्या आकड्यांकडे पाहू लागली. पहिला गेम एवढा वाईट हरल्यावर त्यानं दुसऱ्यात नेमकं काय बदललं असेल, असा प्रश्न तिनं मला विचारला.

त्याचं उत्तर मला आलं नाही. पण प्रश्न आता बरोबर होता. ती उठली, मैत्रिणीला हाक मारली आणि जुन्या पद्धतीनं, पंधरा गुणांचा एक गेम खेळून पाहायला कोर्टावर गेली.